बाटली फुटल्याचा आवाज

आमच्या थिएटरमधली साखर मी संपवली. खाऊन नव्हे, हुकूम काढून. आणि त्या पराक्रमाचा मला इतका अभिमान होता की तीन महिने मी त्या इमारतीत मान ताठ करून फिरत होते. पुढचं सगळं सांगताना मला अजून धाप लागते, तेव्हा जरा घाईघाईनं सांगितलं तर सांभाळून घ्या.

मी कपडेपट सांभाळते. शिवणं, उसवणं, इस्त्री, ऐन वेळी निखळलेलं बटण, नटांची दर महिन्याला वाढणारी पोटं, सगळं माझ्या गळ्यात. लहानथोर सगळे मला ताई म्हणतात. माझा सख्खा मोठा भाऊ त्याच थिएटरात प्रॉपर्टी बघतो. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे, तर नाटकात नटाच्या हातात जे जे येतं ते. तलवार, टेलिफोन, खोटी फळं, कापडी बाळ, सगळं दादा स्वतः करतो. त्याच्या हातात जादू आहे असं लोक म्हणतात. मी त्याची बहीण असल्यामुळे मला माहीत आहे की ती जादू नसून हट्ट आहे.

त्याचा सगळ्यात मोठा हट्ट आवाजाचा. नाटकातली वस्तू दिसायला खोटी असली तर चालेल, मागच्या रांगेतल्या माणसाला काय कळतंय. पण वाजली पाहिजे खरी. आता चालू असलेल्या नाटकात दुसऱ्या अंकात दोन भावांचं भांडण आहे आणि थोरला भाऊ संतापून टेबलावर बाटली फोडतो. ही बाटली दादा साखरेची करायचा. साखर आणि पाणी उकळत ठेवायचं, पाक कडक होईपर्यंत आटवायचा, थेंबभर हिरवा रंग घालायचा आणि साच्यात ओतायचा. निघते ती हुबेहूब काच. नटाला कापत नाही, पण फुटते अशी की अख्ख्या हॉलचा श्वास अडकतो. दर प्रयोगाला एक बाटली. प्रॉपर्टीच्या खोलीत कायम पाकाचा वास, आणि दादा पळी तोंडात घालून पाक झाला का बघतोय, हे चित्र मी वर्षानुवर्षं पाहत आले.

मग त्याचा रक्ताचा रिपोर्ट आला.

साखर नुसती वाढलेली नव्हती, तिनं कळस गाठला होता. गोळ्यांनी भागेना, इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. आमच्या डॉक्टर म्हणजे बारीकशा, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, गोड बंद. दुसरी सांगायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा मी मनातल्या मनात दादाच्या स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होते. मान मात्र डोलावत होते.

मला दोष द्यायच्या आधी एक ऐका. आमच्या बाबांना हाच आजार होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. एकोणीस वर्षांच्या दादानं त्यांना लाकडी पाय करून दिला, ती त्याची पहिली प्रॉपर्टी. पाय छान झाला, पण चालताना ठक ठक वाजायचा आणि आई ते ऐकून रडायची. दादानं टाचेला रबराचे तीन थर चढवले, आठ दिवस घासत बसला, आणि शेवटी तो पाय खऱ्या पावलासारखा वाजायला लागला. बाबा गेले तरी तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. वहिनी जाऊन चार वर्षं झाली, मुलगी दूर असते, दादा माझ्या खालच्या मजल्यावर एकटा राहतो. त्याचे पाय शाबूत ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

घेतलं म्हटल्यावर अर्धवट काम मला जमत नाही. घरातली साखर शेजाऱ्यांना वाटली. थिएटरच्या मागच्या कॅन्टीनमध्ये मावशी असतात, त्यांना सांगून साखरेचा डबा उचलायला लावला. त्याच्या जागी गोड चवीच्या पुड्या आल्या, बिनसाखरेची बिस्किटं आली, थंडपेयांच्या मशीनमध्ये सगळ्या बाटल्या शून्य साखरवाल्या भरल्या. मेकअपच्या खोलीत मी मोठ्या अक्षरांत सूचना लावली, इथे गोड आणू नये. नटमंडळींनी आधी नाकं मुरडली, पण पंधरा दिवसांत त्यांचीच पोटं सूतभर का होईना कमी झाली आणि ते माझे भक्त झाले. दादा मला इन्स्पेक्टर म्हणायला लागला. सेटचे पडदे रंगवणारा पेंटर दिवसभर दादाच्या शेजारच्या खोलीत असतो, त्याला मी हेर नेमलं. दादानं गोड तोंडात टाकलं की मला येऊन सांगायचं.

त्यात एका मासिकात मी वाचलं की या साखरेऐवजीच्या पुड्यांबद्दलही तज्ज्ञांचं एकमत नाही, फार घेऊ नयेत. झालं. मी दादाच्या चहातली पुडीही बंद केली. तो कप हातात धरून म्हणाला, ‘‘आता चहात काय उरलं ते सांग, म्हणजे तेही काढून ठेवतो.’’

एकदा त्याचा कोट धुवायला घेतला. कोट धुवायच्या आधी खिसे तपासायची मला धंद्याचीच सवय. आतल्या खिशात एक नळी निघाली, तिच्यात संत्र्याच्या वासाच्या पांढऱ्या गोळ्या. जीभ लावून पाहिली तर साखरच साखर. मी ती नळी त्याच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. तो म्हणाला, डॉक्टरांनी दिल्यात. मी म्हणाले, सगळे असंच सांगतात. त्यानं पुढे वाद घातला नाही. वाद घातला असता तर मी डॉक्टरांना फोन तरी केला असता. पण तो गप्प बसला आणि मला वाटलं, चोरी पकडली.

शेवटचा वार मी त्या बाटलीवर केला. पळी चाटणाऱ्या माणसापुढे रोज किलोभर पाक उकळायचा आणि पथ्य सांभाळायचं, हे कसं जमावं. मी थेट थिएटरच्या व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी रेझिनच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या राळेच्या, तयार बाटल्यांचा खोका मागवला. दिसायला देखण्या, हिरव्यागार. फुटतातही. पण पहिली बाटली तालमीत फुटली तेव्हा असा आवाज आला की न्हाणीघरात प्लॅस्टिकचा मग पडला असावा. नटांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा विंगेत उभा होता. तो मला एवढंच म्हणाला, ‘‘हे फुटणं नाही. हे सांडणं आहे.’’

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलायला लागला, सहाव्या दिवशी हसायलाही लागला, आणि मी जास्तच सावध झाले. इतक्या सहज हट्ट सोडेल तो माझा भाऊ नव्हे.

तर तो रविवार. दुपारचा प्रयोग, दोनशेवा, हॉल खचाखच भरलेला. सकाळी दादा कपडेपटात डोकावला. दाढी गुळगुळीत, नवा शर्ट. म्हणाला, आज दुसऱ्या अंकात काहीही काम असलं तरी बाटलीच्या वेळी विंगेत येऊन उभी राहा. मी विचारलं, कशाला, सांडणं ऐकायला? त्यावर तो नुसता हसला. मला वाटलं, दोनशेव्या प्रयोगाचं निमित्त करून समेट करतोय. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

दुपारी त्यानं इंजेक्शन घेतलं. मीच समोर होते. त्यानंतर अर्ध्या तासात जेवायचं असतं. तेवढ्यात सेटवरच्या कपाटाचं दार बिजागरीसकट हातात आलं आणि दादा स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावला. दार बसलं तोवर पहिली घंटा झाली. मग एका नटाचा चष्मा सापडेना. मग पहिला अंक. माझ्याकडेही त्या दिवशी दोन चेनी तुटल्या आणि एक कुर्ता काखेत फाटला, त्यामुळे मी मान वर केली ती थेट मध्यंतर संपल्यावर. दादाचा डबा माझ्या टेबलावर होता. उचलला तर जड लागला.

डबा घेऊन मी प्रॉपर्टीच्या खोलीत गेले. दादा खोक्यावर बसला होता. नवा शर्ट अंगाला चिकटला होता, कपाळावरून घाम गळत होता, आणि तो थरथरत्या हातांनी एक चहाचा कप बुटात घालायचा प्रयत्न करत होता. मी हाक मारली. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘आई, बाबा आले का चालून?’’

 हात थांबले नाहीत माझे, तेवढं देवानं दिलंय. घास भरवायला गेले तर त्यानं तोंड फिरवलं, पोळी चावायची शुद्धच नव्हती. मी मशीनकडे पळाले, थंडपेयाची बाटली आणली, त्याच्या ओठाला लावली. तो ती घटाघट प्यायला. गोड लागली असावी, ओठ चाटले त्यानं. मी मनात म्हटलं, आता येईल ताळ्यावर. आला नाही. हात जास्तच थरथरायला लागले. मग माझी नजर बाटलीवरच्या अक्षरांवर गेली. शून्य साखर. तोंड गोड झालं होतं, रक्ताला पत्ताही नव्हता.

आमच्या रंगमंच व्यवस्थापकाला सगळे घड्याळ म्हणतात, कारण तो माणसाच्या तोंडाकडे बघण्याऐवजी मनगटाकडे बघतो. त्याला मी खूण केली. त्यानं एक नजर टाकली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून विचारलं, शुद्धीवर आहे का, गिळता येतंय का? येतंय म्हटल्यावर सांगितलं की पंधरा मिनिटं लागतील, तोवर ताठ बसवून तीन-चार चमचे साखर पाण्यातून पोटात जाऊ द्या, आणि डोळे मिटून पडला तर मात्र तोंडात काही घालू नका. शेवटी त्या फोनवरच्या माणसानं अगदी सावकाश बजावलं, ‘‘साखर म्हणजे खरी साखर. बिनसाखरेचं गोड उपयोगाचं नाही.’’

डॉक्टरबाईंची दुसरी गोष्ट मला त्या क्षणी आठवली, शब्दन्‌शब्द. इन्सुलिन घेतलं आणि जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते. तेव्हा साखर हेच औषध. खिशात कायम गोळ्या ठेवा. मी मान डोलावली होती. तरीही मी दादाचे खिसे उलटेपालटे केले. एक खडू, दोन खिळे, रुमाल. जे हवं होतं ते मीच काढून फेकलं होतं.

कॅन्टीनकडे मी इतकी धावले की गळ्यातली मोजायची टेप पाठीमागे उडत होती. मावशींकडे साखर मागितली.  त्यांनी मला फळी दाखवली, जणू परीक्षाच देत होत्या. पुड्या बिनसाखरेच्या, बिस्किटं बिनसाखरेची, चॉकलेटंसुद्धा बिनसाखरेची. म्हणाल्या, ‘‘ताई, एक दाणा राहू दिला नाहीत तुम्ही.’’ दूध सकाळीच संपलं होतं. पुढच्या लॉबीतला स्टॉल मध्यंतर संपताच बंद होतो, त्याचा माणूस कुलूप लावून गेलेला. मागच्या गल्लीत टायरची आणि पत्र्याची दुकानं, रविवारची सगळी बंद. मावशींनी चपला हातात घेतल्या आणि म्हणाल्या, मी मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आणते. त्या वयात त्या बाई ज्या धावल्या ते मी विसरणार नाही.

पण मोठा रस्ता जायला सात मिनिटं आणि यायला सात. मी मेकअपच्या खोलीत घुसले आणि नटांच्या पिशव्या टेबलावर पालथ्या केल्या. कुणाची परवानगी विचारली नाही. कंगवे, चार्जर, गोळ्यांची पाकिटं, च्युइंगगम. च्युइंगगमवरही लिहिलेलं, बिनसाखरेचा. माझी सूचना भिंतीवरून माझ्याकडे बघत होती. मी ती फाडली, आणि फाडून काय मिळणार होतं कोण जाणे, पण फाडली.

परत आले तर पेंटर दादाला धरून बसला होता आणि दादाची मान खाली झुकत होती. मी त्याच्या गालावर चापट्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या भावावर हात उगारला. त्यानं डोळे उघडले, अर्धेच. जीभ जड झाली होती. म्हणाला, विंगेत जा. मी म्हणाले, दादा, बोलत राहा. तो पुन्हा तेच म्हणाला, विंगेत जा. पेंटर काहीतरी सांगू पाहत होता, ताई ताई करत होता, पण मी त्याला गप्प केलं. माझ्या डोक्यात एकच विचार आला होता आणि तो मी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात विरघळू देणार नव्हते. हॉलमध्ये सहाशे माणसं बसली आहेत. सहाशे माणसांत एकाच्या तरी पिशवीत साधी गोळी असणार.

मी विंगेत पोचले आणि घड्याळला म्हटलं, प्रयोग थांबव, दिवे लाव, मला लोकांकडे साखर मागायची आहे. दोनशे प्रयोगांत त्यानं पडदा अर्धा मिनिटही चुकवला नव्हता. त्यानं मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता दिव्यांच्या बटणांकडे हात नेला. बरा माणूस आहे, मी त्याला उगाच नावं ठेवते.

त्याच क्षणी रंगमंचावर थोरल्या भावाचं काम करणाऱ्या नटानं बाटली टेबलावर आपटली.

खळ्ळकन आवाज झाला. मग बारीक बारीक तुकडे फरशीवर नाचत गेले, छन छन छन, पार कडेपर्यंत. सहाशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. हे सांडणं नव्हतं. हे फुटणं होतं. रेझिन असं वाजत नाही, काही केल्या वाजत नाही. वर्षानुवर्षं विंगेत उभं राहून ऐकलेला आवाज मी झोपेतही ओळखला असता.

दादानं साखरेची बाटली केली होती. माझ्या नाकावर टिच्चून केली होती. आणि त्याच्या जिवाचं औषध माझ्यापासून सहा पावलांवर, भर उजेडात, फरशीवर पसरलं होतं.

इथे या नाटकात एक शांतता आहे. बाटली फुटल्यावर दोघं भाऊ अख्खा एक मिनिट काहीच बोलत नाहीत. दिग्दर्शकाचा त्या मिनिटावर फार जीव, त्यात कुणी विंगेत शिंकलं तरी तो आठवडाभर फुगून बसतो. त्या मिनिटात मी घड्याळचा हात अडवला, कोपऱ्यातली सुपली उचलली आणि रंगमंचावर गेले.

बत्तीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण पडद्याच्या मागे. उजेडात कधी पाऊल टाकलं नव्हतं. समोर काही दिसत नाही, नुसता काळोख आणि त्या काळोखात कुणीतरी बसलंय याची जाणीव. माझ्या अंगावर काळा झगा, गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची उशी. थोरल्या भावानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. धाकट्याचं काम करणारा नट मात्र मुरलेला. त्यानं दोन क्षण जाऊ दिले आणि भूमिकेतूनच विचारलं, ‘‘काय हवंय, बाई?’’

‘‘झाडायला आले,’’ मी म्हणाले. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला असं नंतर कळलं.

तो म्हणाला, ‘‘झाडा. या घरात रोज काहीतरी फुटतं.’’

लोक हसले. मी गुडघ्यांवर बसले आणि मोठे तुकडे वेचायला लागले. तेवढ्यात शंका आली. एवढं सगळं करून हे रेझिनच निघालं तर? कानावर विश्वास ठेवायचा, पण भावाचा जीव पणाला लावून नाही. मी एक तुकडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

आता हे प्रेक्षकांच्या बाजूनं बघा. त्यांच्या लेखी ती काच होती. घरकाम करणारी एक बाई येते, खाली बसते आणि फुटलेली काच तोंडात घालते. पुढच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं. मला त्याचं भानच नव्हतं. गोड लागलं. इतकं गोड मला त्याआधी कधीच काही लागलं नव्हतं. मी भर रंगमंचावर, तोंडात तो तुकडा धरून, रडले. मग सुपली छातीशी धरली आणि आत पळाले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. घड्याळ म्हणतो, दोनशे प्रयोगांत त्या जागी कधी टाळी पडली नव्हती.

आत पेंटरनं कोमट पाण्याचा पेला तयारच ठेवला होता. मी स्वच्छ दिसणारे तुकडे फडक्यात गुंडाळले आणि दादाच्याच हातोडीनं ठेचले. पाण्यात ढवळले. पाणी हिरवं झालं. दादाचं डोकं मांडीवर न घेता त्याला ताठ बसवला, फोनवरच्या माणसानं तसंच सांगितलं होतं, आणि एकेक घोट पाजला. गिळ, म्हटलं, गिळ दादा, हे माझं ऐक, पुन्हा कधी काही सांगणार नाही. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. तिसरा गेला. पेला संपला.

मग काही करायचं उरलं नाही. नुसतं बघायचं. रंगमंचावरून भांडणाचे संवाद ऐकू येत होते, पेंटर भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होता, आणि मी दादाचा हात धरून त्याची थरथर मोजत होते. किती वेळ गेला ते घड्याळनं सांगितलं, अकरा मिनिटं. आधी घाम थांबला. मग बोटं माझ्या बोटांत स्थिरावली. मग त्यानं डोळे उघडले, पुरते, आणि त्या डोळ्यांत माझा दादा होता.

‘‘आवाज ऐकलास?’’ त्यानं विचारलं.

‘‘ऐकला,’’ मी म्हणाले.

‘‘पेंटरच्या शेगडीवर केली, आणलेली सगळी साखर तिच्यातच गेली. चाखली नाही हं मी. पळी त्याला चाखायला लावली. विचार त्याला.’’

पेंटर, माझा नेमलेला हेर, जमिनीकडे बघत होता. म्हणाला, ‘‘खरं आहे, ताई. बाटली साखरेची आहे, तेच सांगत होतो मघाशी. तीन महिन्यांत त्यांनी साखरेचा कण तोंडात घातला नाही.’’

मी तीन महिने त्याच्यावर पाळत ठेवली होती. त्याचे डबे हुंगले होते, कोट उलटे केले होते, कॅन्टीनवालीला फितवलं होतं. आणि तो माणूस शब्द पाळत होता, कुणी बघत नसतानाही. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की दोन्ही एकदम पोटात मावेनात. मी त्याच्या नव्या शर्टात तोंड खुपसून रडले. तो म्हणाला, इन्स्पेक्टर, शर्ट आधीच ओला आहे.

मावशी धापा टाकत साखरेचा पुडा घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग रुग्णवाहिकेची माणसं आली. त्यांनी दादाच्या बोटाला सुई टोचली, यंत्रावर अठ्ठ्याहत्तर आकडा आला, म्हणजे धोका टळला होता. बरोबरच्या नर्सनं विचारलं, साखर कशातून दिली? मी म्हणाले, बाटलीतून. तिनं थंडपेयाची बाटली समजून लिहून घेतलं असावं, मी दुरुस्त करत बसले नाही. मग तिनं दादाला विचारलं की तुम्ही खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवत नाही का? दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, विसरलो.

माझ्यासाठी खोटं बोलला तो. मीच पुढे होऊन सांगितलं की तो विसरला नव्हता, मी फेकल्या. नर्स रागावली नाही. घरची माणसं असं करतात, म्हणाली.

तपासणीला न्यायच्या आधी दादानं पोळी-भाजी खाल्ली, सबंध, आणि विंगेत खुर्ची टाकून शेवटचा पडदा बघितल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. रुग्णवाहिकेची माणसंही उभी राहून बघत होती. टाळ्या थांबेनात. थोरल्या आणि धाकट्या भावानं मला हाताला धरून ओढत पुढे नेलं, आणि कुणीतरी मागच्या रांगेतून ओरडून विचारलं की बाई, तुमची जीभ बरी आहे का?

दिग्दर्शक आठवडाभर फुगला नाही. उलट झाडणारी बाई त्यानं नाटकातच ठेवली. दर प्रयोगाला मी सुपली घेऊन जाते, एक वाक्य बोलते आणि येते. काच मात्र चाटत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं. बाटली पुन्हा साखरेची झाली. पाक दादाच करतो, चाखतो पेंटर, आणि पेंटरचं वजन वाढतंय, पण तो माझा सख्खा भाऊ नाही. कॅन्टीनमध्ये पुड्या आहेत, साखरेचा डबाही आहे, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. दादाचा चहा बिनसाखरेचाच असतो, ते त्याचं तो बघतो.

मी एवढंच केलं. त्याच्या सगळ्या कोटांना आणि शर्टांना आतून एकेक छोटा खिसा शिवला, दुहेरी टाक्यांचा, संत्र्याच्या वासाच्या नळीच्या मापाचा. दर प्रयोगाआधी मी त्याच्या समोर उभी राहते आणि त्या खिशात हात घालते. पूर्वीही घालायचे. आता नळी हाताला लागली की मला बरं वाटतं.